नाताळचा पंचनामा

मी एकतीस वर्षं जंगलखात्यात काढली. आधी वनरक्षक, मग वनपाल, आणि शेवटी इथूनच, आलापल्लीतून, निवृत्त झालो. आमच्या खात्यात माणसाला दोन सवयी हमखास लागतात, तंबाखूची आणि डायरीची. तंबाखू सुगुणाने लग्नानंतर वर्षभरात सोडवली. डायरी काही सुटली नाही.

सुगुणा म्हणजे माझी बायको. माहेर सिरोंच्याचं, घरात तेलुगू. आम्ही आजोबांपासून ख्रिस्ती, तेही ख्रिस्ती, त्यामुळे पाळकसाहेबांनी दोन्हीकडे शब्द टाकला आणि जमलं. ती आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं. एका वर्षात ती आमच्या वनमजुराच्या, लालसूच्या, बायकोशी भांडण्याइतकं शिकली. तिला जाऊन आता सोळा महिने झाले.

डायरी म्हटलं की लोकांना वाटतं, मनातलं लिहीत असेल. छे! आमच्या डायरीत मनाला रकाना नसतो. तारीख, वेळ, कुठून कुठवर गस्त, काय आढळलं, कोण भेटलं, हवामान. बस. नोकरी आणि लग्न एकाच वर्षी झालं, आणि मी हौसेने घरासाठीही तशीच एक वही घातली. ‘दुपारी हलका पाऊस. विहिरीला पाणी नऊ फूट. अंगणात नाग आढळला, सोडून दिला. पाळकसाहेब भेटीस आले.’ दरवर्षी एक वही. शिसवी कपाटात त्या ओळीने उभ्या आहेत, आणि माझ्याइतका टापटीप माणूस पंचक्रोशीत नाही असा माझा समज होता. आपलंच नाणं आपल्याला खणखणीत वाटतं.

नाताळाला या वहीचा मान असे. सकाळची उपासना, दुपारचं जेवण, आणि जेवण झालं की मी वर्षभराची वही सगळ्यांपुढे वाचायचो. वाचून झालं की त्या दिवसाचा पंचनामा. चोरीचं सागवान पकडल्यावर करतात अगदी तसा. ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, मौजे आलापल्ली येथे गुणवंतराव यांचे राहते घरी खालील माल आढळून आला. कोंबडीचा रस्सा एक गंज. उडदाचे गारे एक टोपली. अरिसे दोन डबे, पैकी एक पंचांनी जागीच संपवला.’ गारे म्हणजे उडदाचे तिखट वडे, आणि अरिसे म्हणजे सिरोंच्याकडचे तांदूळ-गुळाचे तळलेले गोड वडे. लोक पोट धरून हसायचे आणि मग सह्या करायचे. शेजारी, पाळकसाहेब, आमचा जुना वनमजूर लालसू. त्याचा अंगठा.

आता पंच हा बाहेरचाच लागतो. घरचा माणूस पंच चालत नाही, हा नियम. मी नियमाचा पक्का. रश्मी, आमची एकुलती एक मुलगी, पाच वर्षांची असताना सही करायची म्हणून भोकाड पसरून बसली, तेव्हा ‘विशेष बाब’ असं लिहून तिचा अंगठा घेतला. सुगुणा कधी रडली नाही. सह्या चालू असायच्या तेव्हा ती आत चहा टाकत असायची.

ती गेली त्या दिवशीही मी वही लिहिली. पाहुणे गेले, रश्मी तिच्या मावशीपाशी बसली होती, मला काय करावं ते सुचेना, हात आपोआप वहीकडे गेला. ‘सकाळी ६.२० वा. सौ. सुगुणा वारली. रात्रीपासून संततधार. एकतीस माणसं आली.’ रश्मी पाणी घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून तिने ते वाचलं. पाणी ठेवलं आणि आत गेली. तिसऱ्या दिवशी नागपूरला निघून गेली. तिथे ती एका कॉलेजात शिकवते. त्यानंतर ती या घरात आलीच नाही. फोन करायची महिन्यातून दोनदा, गोळ्या घेतल्या का, दूध बरोबर येतं का. लग्नाचा विषय काढला की ठेवून द्यायची, म्हणून मी तो काढत नसे, आणि दुसरा विषय आमच्यापाशी नव्हता.

मागचा नाताळ मी एकट्याने केला. केला म्हणजे काय, उपासनेला गेलो, घरी आलो, सकाळचा भात गरम केला. चांदणी टांगली नाही. वही ऐकायला कोणी नव्हतं. मला रश्मी हवी होती हो. बापाने पोरीला ‘तू ये’ असं म्हणायलाही जीभ लागते, ती माझ्याकडे नव्हती.

यंदा डिसेंबर लागला आणि तिचाच फोन आला.

“बाबा, मी येऊन राह्यली या नाताळाले.”

“ये नं! घर तुयंच आहे.”

“पण एक सांगून ठेवते. पाऊस किती पडला अन् सांबर किती दिसले, ते मले आयकायचं नाई. आईचं वाचा. छत्तीस वह्या आहेत तुमच्या. एकेका सालातली एक गोष्ट काढून ठेवा. आई काय करे, काय म्हणे. त्याच्यासाठीच येते मी. ते नसंल तं तिथी येऊन मी काय करू? मंग पुन्हा म्हणू नका का पोरगी येत नाई.”

“त्यात काय!” मी म्हणालो. “पानोपानी आहे तुयी आई.”

आणि शपथेवर सांगतो, तेव्हा मला तसंच वाटत होतं.

नाताळ आठवड्यावर आला तेव्हा मी वह्या खाली काढल्या. अंगणात खाट टाकली, चष्मा पुसला, शेजारी कागदाचे कपटे ठेवले, खुणेसाठी. पहिली वही चाळली. एक कपटा लागला नाही. म्हटलं, नवं लग्न, नवी नोकरी, राहिलं असेल. दुसरी घेतली. ‘तंबाखू बंद.’ एवढंच! तिने महिनाभर माझे खिसे तपासले, डबी विहिरीत टाकली, दोन दिवस अबोला धरला. आणि वहीत काय, तर ‘तंबाखू बंद’. जणू सरकारी आदेश आला होता.

मग मी अधाशासारखा पुढे गेलो. ‘कन्या झाली. वजन पावणेतीन किलो. दवाखान्यामागे चितळांचा कळप.’ ‘छप्पर गळत होतं, कवेलू फिरवले.’ ती कौलं फिरवली कोणी? मी तर त्या वर्षी जूनभर बदलीच्या कामात होतो. ‘रश्मीला ताप, तीन रात्री जागरण.’ कोणाचं जागरण? त्याच पानावर खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘मी पेरमिली मुक्कामी.’ आमच्या खात्यात काम झालं एवढंच लिहायचं असतं. मजुरांनी केलं हे गृहीतच. पाहुण्यांची नावं मात्र झाडून सगळी. कोण आलं, कधी आलं, कधी गेलं. सुगुणा कुठून येत नव्हती आणि कुठे जात नव्हती, त्यामुळे तिची नोंद घ्यायची वेळच आली नाही.

चार दिवस मी वाचत होतो. छत्तीस वर्षांत तिचं नाव मला एकाच ठिकाणी सापडलं. ती वारली त्या ठिकाणी.

लालसू आला तेव्हा मी वह्यांच्या ढिगात बसलो होतो. तो आता थकलाय, पण वाटेने जाताना डोकावतो. मी त्याला खरं ते सांगितलं. त्याच्यापाशी लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, जंगलात आम्ही एका घोंगडीत झोपलोय.

“लालसू, बाईची एखादी गोष्ट आठवते का रे नाताळाची?”

तो उकिडवा बसला. “साहेब, मी दरसाली इथीच जेवलो. बाई वाढे. अजून घे म्हणे, घरी ने म्हणे. पण बाईले जेवतांनी मी कधी पाह्यलंच नाई.”

“यंदा येशील नं?”

“नाई जी. पोराकडे भामरागडले चाललो. नातू आला आहे.”

तो गेला आणि मी बोटांवर दिवस मोजले. रश्मी यायला तीन दिवस होते. तिला काय दाखवणार होतो मी? नऊ फूट पाणी? पोरगी हातची जाणार, आणि या खेपेला कायमची, हे मला स्पष्ट दिसत होतं. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन राहून पाहावं.

तेव्हा मी ते केलं. जुनं शाईचं पेन शोधलं, निळी-काळी दौत वाणसामानाबरोबर मागवली, आणि तापाच्या पानावर ‘तीन रात्री जागरण’च्या खाली बोटभर जागा होती तिथे लिहिलं: ‘सौ. सुगुणा रात्रभर पोरीच्या उशाशी बसून. गाणी म्हटली.’ अक्षर माझंच, शाई त्याच जातीची. पण लिहून होताच मला तो पोचू आठवला. पोचू माझ्या हाताखालचा वनरक्षक. घरात बसून आठ दिवसांची गस्त डायरीत भरली होती त्याने, आणि मी त्याला साऱ्या रेंजसमोर उभं करून म्हटलं होतं, अरे, पाय गेला नाही तिथे पेन नेतोस? बिचारा रडला होता. आता मीच तीस वर्षं मागे जाऊन, ज्या खोलीत मी नव्हतो त्या खोलीतलं लिहीत होतो. गाणी म्हटली की नाही म्हटली, मला काय ठाऊक?

मी ती ओळ खोडली. खोडायचीही रीत असते. गिरगटा करायचा नाही, एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही आणि तारीख. हात इतका सरावलेला, की सही आणि यंदाच्या २१ डिसेंबरची तारीख टाकून झाल्यावरच मला कळलं की मी काय केलं.

मग म्हटलं, जाऊ दे. वही हातात धरायची, पानं उलटायची आणि तोंडी सांगायचं. जे खरं आहे तेच सांगायचं, फक्त वाचल्यासारखं करून. तेवढी लबाडी देव माफ करील. म्हणून दोन दिवस मी अंगण झाडताना, लसूण सोलताना आठवत होतो. तंबाखूची डबी आठवली. कवेलू फिरवताना ती शिडीवरून घसरली आणि मला कळू नये म्हणून आठवडाभर लंगडणं लपवत होती, ते लालसूच्या बायकोने मागाहून सांगितलेलं आठवलं. मी माझ्यावरच खूश झालो.

रश्मी चोवीस तारखेला दुपारच्या गाडीने आली. वाळली होती. केसांत एक पांढरी बट. उंबऱ्यात उभी राहून तिने घर न्याहाळलं, मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. संध्याकाळी तिने माळ्यावरची जुनी कागदी चांदणी काढली, फाटलेल्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावली आणि मला शिडी धरायला लावली. मी शिडी धरली आणि मला इतकं बरं वाटलं की मी पाळकसाहेबांनाही मोबाईलवर कळवून टाकलं, पोरगी आली म्हणून.

दुसऱ्या दिवशी उपासनेहून आलो. मी कोंबडीचा रस्सा केला होता, तिखट जास्त झालं. गारे तिने केले, मधे कच्चे राहिले. तिने नागपूरहून केक आणला होता. जेवलो, आणि ती हात पुसून माझ्यासमोर चटईवर बसली. लहानपणी बसायची तशीच, मांडी घालून.

“वाचा.”

मी वाचलं. वही उघडी धरली आणि सुगुणाने तंबाखूची डबी विहिरीत टाकली ते सांगितलं. ती हसली. दुसरी वही उघडली, शिडीवरून घसरल्याचं सांगितलं. तिचे डोळे भरले. “हे मले माहीतच नव्हतं,” ती म्हणाली. मला जोर चढला, इतका की खोडलेली ओळ विसरलो. तापाचं वर्ष हाती घेतलं, आणि इतकं छान रंगवून सांगितलं की ती पुढे सरकली आणि म्हणाली, “द्या बरं इकडे. मले पाहू द्या कसं लिहिलं आहे.”

“अक्षर लागत नाई तुले,” मी म्हणालो.

“तुमचं अक्षर मले लागत नाई?” तिने वही काढून घेतली.

तिने पान पाहिलं. खोडलेली ओळ पाहिली. बाजूची सही पाहिली, तारीख पाहिली. मग तिने तेच वर्ष पहिल्या पानापासून चाळलं, मग आधीचं, मग पुढचं. मी चटईच्या काड्या मोजत बसलो. बाहेर कोणाची तरी पोरं फटाके फोडत होती.

“कुठीच नाई,” ती म्हणाली.

“नाई.”

“मंग आता वाचलं ते?”

“ते तोंडचं. पण खरं आहे, रश्मी. डबीचा, शिडीचा, एकेक शब्द खरा आहे.”

“मंग तवा काऊन नाई लिहिलं?”

“लिहायची गोष्ट आहे असं वाटलंच नाई,” मी म्हणालो. एवढं खरं मी आयुष्यात कोणत्याच चौकशीत बोललो नसेन.

मला वाटलं, आता ती उठेल, बॅग भरेल. ती उठली नाही. वही मिटून तिने बाजूला ठेवली.

“बरं. राहू द्या वही. मले एकच सांगा. आईले नाताळात काय आवडे?”

“अरिसे,” मी लगेच म्हणालो.

“ते तुमाले आवडत. आई गोड खात नसे, शुगर व्हायच्या आधीपासून.”

“गाणी. चर्चमधली.”

“ते पाळकसाहेबाइले आवडे. ते तिले हात धरून उभं करत. आई घरी येऊन म्हणे, गळा दुखते.”

“माणसं आली की आवडायचं तिले. घर भरलं की.”

“खरंच?” रश्मीने विचारलं, आणि त्या विचारण्यात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. घर भरलं की मला आवडायचं.

“मले माहीत नाई, पोरी,” मी म्हणालो.

ती आता बोलणार, जे सोळा महिने पोटात ठेवलं ते सगळं बोलणार, आणि मी ते ऐकून घेणार होतो, त्याचीच तयारी करून बसलो होतो. तिचे ओठ हललेही. मग तिचा चेहराच पडला.

“मले बी नाई माहीत, बाबा,” ती म्हणाली. “मी आताच इचार करून राह्यली होती. मी तिले कधी इचारलंच नाई. घरी येऊ तं माह्यासाठी हे कर, ते कर.”

ती रडायला लागली. तिच्या पाठीवर हात ठेवायला मी सरकलो, पण मधे वह्या होत्या, आणि त्या उचलून बाजूला करेपर्यंत ती सावरली होती. नाक पुसून म्हणाली, “मावशीले माहीत असंल.”

कमलम्मा ही सुगुणाची धाकटी बहीण, सिरोंच्यालाच असते. रश्मीने फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडे घर माणसांनी भरलेलं होतं, भांड्यांचे आवाज, तेलुगूत कोणाला तरी हाका. शुभेच्छा झाल्या. कमलम्माला आम्ही दोघं एकत्र आहोत याचाच आनंद फार झाला.

“मावशी, एक इचारायचं होतं,” रश्मी म्हणाली. “आईले नाताळात काय आवडे? म्हणजे तिचं तिले.”

“अक्काला?” पलीकडे तिने कोणाला तरी गप्प बसवलं. “मी कसं सांगू गं? लग्नानंतर अक्काने एक नाताळ इथे केला नाही. सगळे तिकडेच केले, तुमच्यापाशी.” मग तिने आवाज चढवला, मी ऐकतोय हे तिच्या लक्षात आलं असावं; मला ती बावा म्हणते, तेलुगूत बहिणीचा नवरा. “बावा, तुम्हाला नाही का माहीत? अक्का तर नेहमी सांगायची, आमच्या घरातली कोणतीच गोष्ट विसरायची भीती नाही, आमचे साहेब रोजचं सगळं लिहून ठेवतात म्हणून. मोठा अभिमान होता तिला. तुमच्या वहीतच असेल ना? पाहा की.”

रश्मीने फोन माझ्यापुढे धरला होता.

“पाहतो,” मी म्हणालो.